दिवाणजींची जागा

सगळा घोळ एका पांढऱ्या बुटापासून सुरू झाला.

आजोबांची सूनबाई दवाखान्यात ज्या खोलीत काम करायची, तिथे ऑपरेशनची हत्यारं धुवून, वाफवून, कापडात बांधून ठेवली जात. त्या खोलीत कुणाला शिंक आली तर त्याने ती बाहेर जाऊन द्यावी, असा कडक कारभार. एका सोमवारी सकाळी त्या खोलीच्या दाराशी तिने आत घालायचे, घरून धुवून आणलेले पांढरे बूट पिशवीतून काढले, उजवा पाय घातला, कपाळाला आठी पाडून परत काढला आणि बूट उलटा केला. आतून तीन लेंड्या पडल्या. गोल, कोरड्या, मापात बसवल्यासारख्या. त्यातली एक घरंगळत निघाली ती मोठ्या सिस्टरांच्या पायाशी जाऊन थांबली. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नको ते पुष्कळ पाहिलं होतं, पण हे पाहिलं नव्हतं. हे काय आहे, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. सूनबाईला सांगावं लागलं की घरी ससा आहे.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि तिने निकाल दिला. एक महिना. महिन्याभरात सशाने ठरलेल्या जागी जायला शिकायचं, नाही तर तो जिथून आला तिथे परत. आला होता तो दवाखान्याच्या धुलाईखात्यातल्या एका बाईंकडून. त्यांच्या अंगणात सशांचे आठ पिंजरे होते, आणि त्या पिंजऱ्यांतले ससे पुढे कुठे जातात हे कुणी विचारत नसे.

ससा नातीचा होता, त्यामुळे नात रडली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. दिवसभर वरखाली करून आलेला माणूस, तो घरातल्या कुठल्याच भांडणात एका मजल्यावर थांबत नसे. तो "बघू" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. आजोबा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मला काय त्याचं, अशा चेहऱ्याने त्यांनी पान उलटलं. ते पान मात्र त्यांनी सकाळीच वाचलेलं होतं.

आजोबा चाळीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत अंधारात बसायचं, नट अडखळायच्या अर्धा श्वास आधी त्याला पुढचा शब्द द्यायचा, आणि तो शब्द त्याच्या कानापर्यंत जावा पण पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये, एवढंच काम. ते त्यांनी इतकं चोख केलं की कोण विसरलं हे प्रेक्षकांना तर सोडाच, कधीकधी विसरणाऱ्यालाही कळत नसे. मग कानात बसवायची बोटाच्या पेराएवढी यंत्रं आली आणि कंपनीने आजोबांना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ते मुलाकडे राहायला आले त्याला आता दोन वर्षं होत होती.

सूनबाईशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. ती सकाळी पावणेआठला जायची, पाचला यायची आणि जे काही सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावायची. "दूध तापवणे." "गॅस बंद आहे का पाहणे." "ओला टॉवेल पलंगावर नको." शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण ती कुणासाठी हे सांगायला ज्योतिषी नको होता. आजोबांचीही एक अडचण होती. तिला तू म्हणावं की तुम्ही, हेच त्यांचं दोन वर्षांत ठरलं नव्हतं. म्हणून ते दोन्ही गाळून बोलत. "चहा घ्यायचा का?" "आज उशीर झाला." एवढ्यावर दोघांचं भागत होतं.

पावणेआठला दार लागलं की दुपारी तीनला नात शाळेतून येईपर्यंत घरात दोघेच. आजोबा आणि दिवाणजी. हे नाव आजोबांनीच ठेवलं होतं. करड्या रंगाचा, पोट सुटलेला तो ससा पुढचे पाय पोटाखाली घेऊन असा बसे की वाटावं, आता लोकांनी अर्ज घेऊन यावं. आजोबा त्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. दिवाणजी कान टवकारून ऐकत, आणि एखादी बातमी पटली नाही तर तिचा कोपरा खाऊन टाकत. आजोबांना तो ससा हवा होता. त्यात काही फिरवून सांगण्यासारखं नाही. तो गेला तर पावणेआठ ते तीन घरात फक्त फ्रिजचा आवाज उरणार होता, आणि तो आवाज त्यांनी पहिल्या वर्षी पोटभर ऐकला होता. हे ते कुणाजवळ कबूल मात्र करणार नव्हते.

नात आणि ते प्राण्यांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने एक पसरट ट्रे दिला, कागदाच्या लगद्याच्या गोळ्यांची पिशवी दिली आणि ससा पाळणाऱ्यांसाठी छापलेला एक कागद दिला. आजोबांनी चष्मा लावून तो कागद वाचून काढला आणि फ्रिजवर लावला. ससा आपला कोपरा स्वतः निवडतो, ट्रे तिथेच ठेवावा. ट्रेमध्ये गोळ्या पसरून वर वाळकं गवत ठेवावं, कारण सशाला खाता खाताच जायची सवय असते. रागावू नये, मारू नये. सुरुवातीला एकच खोली मोकळी द्यावी.

कोपरा निवडण्याच्या कामात दिवाणजींनी दिवाणजींसारखाच वेळ घेतला. आधी त्यांना चपलांच्या कपाटाशेजारचा कोपरा पसंत पडला. तिथे ट्रे ठेवताच तो नापसंत झाला आणि पुस्तकांच्या कपाटाखालचा आवडला. तीन दिवस दिवाणजी पुढे आणि ट्रे घेऊन आजोबा मागे, अशी हॉलभर वरात चालली होती. शेवटी बाल्कनीच्या दाराजवळचा कोपरा मुक्रर झाला. दिवाणजी ट्रेमध्ये चढत, ऐसपैस बसून गवत खात आणि निम्मं काम तिथे इमानेइतबारे उरकत. उरलेलं निम्मं सोफ्यामागे, जेवायच्या टेबलाखाली आणि टीव्हीसमोर. टीव्हीसमोर तर रोज चार, न चुकता, हजेरी लावल्यासारख्या.

सूनबाईने फ्रिजवर तक्ता लावला. दवाखान्यात हत्यारांच्या प्रत्येक पेटीला असतो तसाच. तारीख, वेळ, जमिनीवर आढळल्या का, सही. रोज पाचला ती आली की पर्स खांद्याला तशीच ठेवून हॉलची पाहणी करायची, सोफासुद्धा ओढून बघायची. पहिल्या आठवड्यात सात वेळा "होय" लिहिलं गेलं. सातव्या "होय"नंतर तिने धुलाईखात्यातल्या बाईंचा नंबर शोधून ठेवला, हे आजोबांनी पाहिलं.

आठव्या दिवशी पाचला दहा कमी असताना आजोबांना टेबलाखाली तीन लेंड्या दिसल्या. दिवाणजी बाजूलाच निवांत पसरले होते. आता काही क्षणांत पडदा वर जाणार आणि हे महाशय विसरलेले! आजोबांनी ठरवून काही केलं असं म्हणता येणार नाही. हात चाळीस वर्षांच्या सवयीने पुढे गेला. खोकल्याच्या औषधाचा चमचा घेऊन त्यांनी त्या तीन उचलल्या, टीव्हीसमोरच्या चार उचलल्या, सोफा ओढून मागच्या पाच उचलल्या आणि सगळ्या ट्रेमध्ये नेऊन पसरल्या. मग हात धुवून ते खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले.

सूनबाईने पाहणी केली. पुन्हा केली. तक्त्यावर "नाही" लिहिलं, सही केली आणि वाकून सशाला "शाबास" म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द त्या घरात आजोबांनी पहिल्यांदाच ऐकला.

झालं. रोज चार पंचेचाळीसला चमचा निघू लागला. नात त्या वेळी आतल्या खोलीत अभ्यास करत असे. मधूनच पाणी प्यायला बाहेर आली, तर आजोबा चमच्याकडे बघत खोकत. यात आपण काही लबाडी करतो आहोत असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. लेंड्या दिवाणजींच्याच होत्या. आजोबांनी त्यात पदरची एकही घातली नव्हती. प्रॉम्प्टर कधी स्वतःचे शब्द घुसडत नाही, लेखकाचेच नटापर्यंत पोचवतो. हेही तसंच. असं मनाशी म्हणत ते रोज सोफा ओढत होते. सोफा तीन माणसांचा, जुन्या लाकडाचा होता. पोटात डाव्या बाजूला कधीतरी बारीक कळ येई, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

तक्त्यावर "नाही"ची रांग लागली आणि सूनबाईची मान ताठ झाली. दवाखान्यात तिने हे किती रंगवून सांगितलं कुणास ठाऊक, पण एका रविवारी मोठ्या सिस्टर जातीने ससा बघायला आल्या. त्यांच्या घरच्या कुत्र्याने आजवर तीन गालिचे निकालात काढले होते, आणि एवढासा ससा शिकतो म्हणजे काय हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. चार पंचेचाळीसला रिकाम्या हॉलमध्ये शब्द देणं निराळं, आणि भरल्या घरात, दिव्यांच्या लख्ख उजेडात देणं निराळं.

चहा आला, बिस्किटं आली. दिवाणजी टेबलाखालून बाहेर आले, मोठ्या सिस्टरांच्या पर्सभोवती त्यांनी एक फेरी मारली, पर्स हुंगली आणि तिच्याशेजारी दोन ठेवल्या. सगळ्यांचं लक्ष त्या वेळी बशीकडे होतं. आजोबांच्या हातातलं वर्तमानपत्र नेमकं तिथेच गळून पडलं. ते त्यांनी पडलं तिथूनच दोन्ही बाजूंनी दुमडत उचललं, जरा हवा येऊ दे म्हणत बाल्कनीचं दार उघडलं आणि जाताजाता ट्रेवर झटकलं. एवढ्या वाकण्याने पोटातली कळ थेट मांडीपर्यंत गेली. पाठोपाठ दिवाणजी गवताच्या वासाने ट्रेमध्ये चढले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी आपला प्रवेश बिनचूक केला. मोठ्या सिस्टरांनी हातातला कप खाली ठेवला. कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं.

"आमच्या बाबांनी," सूनबाई म्हणाली.

बाहेरच्या माणसासमोर तिने त्यांचं नाव असं कधी घेतलं नव्हतं, आणि "आमच्या" तर नव्हतंच नव्हतं. आजोबांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लगेच लाजही वाटली. ते मान खाली घालून बिस्किट खात बसले.

कळ मात्र खाली बसेना. दोन दिवसांत पोटाला लिंबाएवढा फुगवटा आला. डॉक्टरांनी हात लावून बघितलं, हर्निया आहे म्हणाले, आणि काही जड उचलत किंवा ओढत होता का असं विचारलं. आजोबांनी कानावर हात ठेवले. लगेच ऑपरेशन करायचं ठरलं, सूनबाईच्याच दवाखान्यात, चार दिवस मुक्काम. महिन्याची मुदत त्यातल्या तिसऱ्या दिवशी संपत होती.

आजोबांनी ऑपरेशन पुढे ढकलायचा चंग बांधला. आधी म्हणाले सर्दी आहे. मग म्हणाले दुखायचं थांबलं. मग म्हणाले, या वयात काय करायचंय फाडाफाडी करून. मुलाला वाटलं म्हातारपणाचा हट्ट. सूनबाईला वाटलं, घाबरले. एरवी जिने चिठ्ठी लावली असती ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, घाबरू नका. तुमची हत्यारं मी स्वतः बांधणार आहे."

आजोबांनी दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. नातीला सगळं सांगून चमचा तिच्या हाती द्यावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण नऊ वर्षांचं सरळ पोर, आईने विचारलं की पटकन सगळं ओकून मोकळं होईल. तेव्हा त्यांनी उरलेले दोन दिवस दिवाणजींचीच तालीम घेतली. ट्रेशेजारी स्टूल टाकून, तोंड सशाच्या कानाजवळ नेऊन, पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते समजावत राहिले. दिवाणजींनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि उठून टीव्हीसमोर गेले.

ऑपरेशन नीट झालं. भूल उतरल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसली ती सूनबाई. ती खाटेपाशी उभी होती आणि तिचा चेहरा काहीतरी विचित्र झाला होता, हसू दाबल्यासारखा आणि रडू दाबल्यासारखाही. सगळं ठीक झालं, एवढंच सांगून ती गेली. शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता. तो त्या दिवसापासून आजोबांना विनाकारण अदबीने वागवू लागला, आणि नर्स थर्मामीटर घेऊन आली की म्हणायचा, आधी दिवाणसाहेबांचं बघा. आजोबांना वाटलं, याची भूल अजून उतरलेली नाही.

सूनबाई रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन बसायची. आजोबा छताकडे बघत विचारायचे, घरी सगळं ठीक? ती म्हणायची, ठीक. तक्ता? काही आढळलं नाही, रोजच्यासारखं. हे सांगताना ती पांघरुणाचा कोपरा सरळ करत असे. चाळीस वर्षं नटांचे चेहरे बाजूने बघितलेल्या माणसाला एवढं न कळायला काय झालं? बाई खोटं बोलत होती आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं. दवाखान्यात रोग्याला वाईट बातमी देत नाहीत, हे आजोबांना ठाऊक होतं. ससा गेला. आठ पिंजऱ्यांतल्या एखाद्यात, किंवा त्याच्याही पुढे. तिसऱ्या दिवशी मुदत संपली तेव्हा त्यांनी जेवणाचं ताट न उघडताच परत पाठवलं. टाके दुखतात, असं त्यांनी नर्सला सांगितलं. टाके अजिबात दुखत नव्हते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगा त्यांना घरी घेऊन आला. दार उघडलं तर दिवाणजी पायपुसण्यावर. त्यांनी आजोबांच्या चपलांना लागलेला दवाखान्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि तरीही तिथून हलले नाहीत. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत, काठीच्या आधाराने ते आधी फ्रिजकडे गेले. चारही दिवसांपुढे "नाही" होतं आणि खाली सूनबाईची सही. आजोबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. चार दिवसांत हा गडी शिकला? तालीम फुकट गेली नाही तर. पण मग ते पांघरुणाचे कोपरे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांना जाग आली. बाहेर उजाडलं होतं. एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ते उठले, आणि लागला तर असावा म्हणून चमचा बरोबर घेतला. हॉलमध्ये आले तर सोफा भिंतीपासून ओढलेला होता. मागे कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. इस्त्रीचा युनिफॉर्म, एका हातात लांब पात्याचा दवाखान्याचा चिमटा, दुसऱ्या हातात वाटोळ्या काठाची स्टीलची छोटी थाळी. सूनबाई एकेक लेंडी चिमट्यात धरून थाळीत ठेवत होती, आणि तेही इतक्या हलक्या हाताने, की ती कुणाच्या पोटातून काढलीय असं वाटावं.

तिने वर बघितलं. तिची नजर आजोबांच्या चेहऱ्यावरून चमच्यावर आली.

"तुम्हाला वाकायची मनाई आहे," ती म्हणाली.

"हे कधीपासून?"

"तुमच्या ऑपरेशनच्या दिवसापासून. तुमचं?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"ते माहीत आहे," सूनबाई म्हणाली.

मग तिने सांगितलं. भूल उतरत असताना आजोबा बोलू लागले होते. आवाजावरचा ताबा गेला होता, त्यामुळे जन्मभराची ती कुजबुज त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. दिवाणजी, डावीकडे. गवताकडे चला. आता बसा. ती पाचला येते, आटपा लवकर, राहिलेल्या मी उचलतो. रिकव्हरी रूममधले सगळे पेशंट, दोन नर्सा आणि एक डॉक्टर ऐकत होते. मोठ्या सिस्टरांनी ऐकलं का, असं आजोबांनी विचारलं. त्यांनीच तर मला बोलावून घेतलं, असं सूनबाई म्हणाली. त्या एवढ्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं.

"आणि शेवटी एक म्हणालात." ती थाळीकडे बघत होती. "म्हणालात, दिवाणजी, तुम्ही गेलात तर मी दिवसभर कुणाशी बोलू?"

आजोबांना स्वतःला शब्द द्यायला तिथे कुणी नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर तिने सोफा ओढला, मागे पाच सापडल्या. तक्त्यासमोर पेन घेऊन उभी राहिली, "होय" लिहायला गेली आणि हात चालेना. नंबर शोधून ठेवलेला कागद फाडला. मग पिशवीतून चिमटा काढला. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू आजोबांनीच तिला नादाला लावलं. ससा राहणार, हेही त्याच सुरात सांगितलं.

"तू ऊठ आधी," आजोबा म्हणाले. "सोफा एकटीने ओढायचा नाही. माझं काय झालं बघितलंस ना."

एवढ्यात तोंडात ब्रश घेतलेली नात दारात आली. तिने दोघांकडे, चमच्याकडे आणि चिमट्याकडे बघितलं आणि आज दोघं मिळून का करताय, असं विचारलं. दोघंही साळसूद चेहरा करून, काय करतोय, म्हणाली. नात म्हणाली, ते कागदावर लिहिलंय ते. आजोबा रोज करायचे, मग आई करायला लागली. कागद फ्रिजवरच होता. तिने तो काढून उलटा केला. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं होतं, की बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून रोज ट्रेमध्ये ठेवत जाव्यात, वासाने सशाला आपली जागा कळते, तीन ते चार आठवडे लागतात.

आजोबांनी कागद उलटून बघितलाच नव्हता. प्रॉम्प्टरच्या वहीत नाटक एकाच बाजूला लिहिलेलं असतं, दुसरी बाजू खुणांसाठी कोरी सोडतात. चाळीस वर्षांत पानामागे काही असतं असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. सूनबाईने तो कागद वाचलाच नव्हता, कारण तिच्या मते हे खातं आजोबांचं होतं. दोघांचेही चेहरे उतरले. रंगेहाथ सापडणं एक वेळ परवडलं, पण महिनाभर जीव मुठीत धरून केलेली चोरी ही छापील पद्धत निघावी, म्हणजे कमाल झाली. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली. आजोबांना हसताना टाक्यांवर हात दाबून धरावा लागत होता आणि सूनबाई त्यांना, हसू नका, हसायचीही मनाई आहे, असं सांगत हसत होती. दिवाणजी मधून चालत गेले, ट्रेमध्ये चढले आणि गवत खाऊ लागले.

तीन दिवसांनी दुपारी साडेबाराला घरातला फोन वाजला. त्या वेळेला कुणी फोन करत नसे. आजोबांनी उचलला तर पलीकडे आधी वाफेचा सूं सूं आवाज आला, आणि मग अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेताने सूनबाईचा.

"किती?"

"थांब, बघतो," आजोबा म्हणाले.

ते टेबलाशी गेले, काठीने खुर्च्या सरकवल्या. काही नव्हतं. टीव्हीसमोर नव्हतं. सोफ्यामागे डोकावले, तिथेही नव्हतं. ट्रेमध्ये मात्र सगळं जिथल्या तिथे, भरगच्च. दिवाणजी शिकले होते. आजोबांना आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. पण फोन चालूच होता, पलीकडे ती थांबली होती. "एकही नाही" म्हटलं की ती "बरं" म्हणणार, फोन ठेवणार आणि उद्या साडेबाराला तो वाजायचं काही कारण उरणार नाही.

"दोन," ते फोनमध्ये म्हणाले. "सोफ्यामागे."

"तुम्ही हात लावू नका. मी आल्यावर बघते." मग ती ठेवेल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही. मोठ्या सिस्टरांनी कुत्र्यासाठी ट्रे आणल्याचं सांगितलं, आणि कुत्रा त्या ट्रेमध्ये झोपतो हेही सांगितलं. बस ड्रायव्हर आज घरी गेला, जाताना दिवाणसाहेबांना नमस्कार सांगायला विसरला नाही. चांगली दहा मिनिटं गेली. मग कुणीतरी तिला हाक मारली.

आजोबांनी फोन ठेवला, चमचा आणला आणि ट्रेशेजारच्या स्टुलावर बसून त्यातल्या दोन निवडल्या, चांगल्या ठसठशीत बघून. वाकायची मनाई होती, म्हणून सोफ्याच्या पाठीवरून हात लांबवून त्यांनी त्या एकेक करून मागे सोडल्या. दिवाणजी ट्रेमध्ये बसून गवत चघळत बघत होते.

"ती पाचला येते," आजोबा त्यांना म्हणाले. "तोवर तिकडे फिरकू नका."